चार खटक्यांची किंमत

काउबॉयच्या रिव्हॉल्व्हरची परवडणारी नक्कल मीरा-भाईंदरमध्ये बसून निवडायची, तर आधी काय पाहायचं?

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भाईंदर स्टेशनबाहेर पाय ठेवायला जागा नसते. कंदील, पणत्या, रांगोळीचे ढिगारे आणि त्यांच्याच शेजारी दोरीला टांगलेली टिकल्यांची पिस्तुलं. आठ टिकल्यांची प्लॅस्टिकची रिंग चक्रीवर बसवायची आणि चाप ओढायचा. घोडा आपणहून मागे जातो, चक्री एक घर सरकते आणि फट्! पोराचं काम एका बोटात भागतं.

याच शहरात असेही लोक आहेत ज्यांचं या खेळण्यावर भागत नाही. काशिमिरा, मीरा रोड आणि खाडीपलीकडचं नायगाव या पट्ट्यात मालिकांचे सेट पसरलेले आहेत, आणि सेट म्हटला की प्रॉपर्टी आली. उत्तनच्या किनाऱ्यावर, चौकच्या धारावी किल्ल्याच्या आसपास मोबाइलवर शॉर्ट फिल्म काढणारी कॉलेजची पोरं आहेत. एकांकिका बसवणाऱ्या हौशी संस्था आहेत. शिवाय फिरोझ खानचे ‘खोटे सिक्के’ आणि ‘काला सोना’ पाहून वाढलेले, आता निवृत्तीला आलेले गृहस्थ आहेत, ज्यांना दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ‘ते’ रिव्हॉल्व्हर हवं असतं. लांब नळीचं, लाकडी मुठीचं, अंगठ्याने घोडा चढवून मग झाडायचं. सगळ्यांची मागणी एकच: हुबेहूब हवं आणि स्वस्त हवं.

हे दोन शब्द इथे एकमेकांशी भांडतात. बाकीच्या वस्तूंची किंमत दुकानदार ठरवतो. या वस्तूची अर्धी किंमत शस्त्र कायदा ठरवतो. नक्कल खऱ्याच्या जितकी जवळ जाईल तितकी ती महाग पडते, आणि एका टप्प्यानंतर ती रुपयांत मोजता येत नाही, तुरुंगवासाच्या वर्षांत मोजावी लागते. म्हणून खरेदीला निघण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: या वस्तूतलं नेमकं काय आपल्याला खरं हवं आहे आणि काय खोटं असलं तरी चालेल?

कलकत्त्याच्या वाटेवरचं लाकूड

मुळात ही वस्तू काय आहे ते आधी पाहू. १८३० च्या ऑगस्टमध्ये सॅम्युएल कोल्ट नावाचा सोळा वर्षांचा मुलगा बोस्टन बंदरातून ‘कॉर्व्हो’ जहाजावर चढला. जहाज निघालं होतं कलकत्त्याला. पुढे कोल्टने स्वतःच सांगितलेली कथा अशी, की या प्रवासात जहाजाचं यंत्र फिरताना आणि ठरावीक जागी अडकताना पाहून त्याला फिरत्या चक्रीची कल्पना सुचली आणि त्याने चाकूने लाकूड तासून तिचा नमुना बनवला. कथेला धंदेवाइकाने चढवलेला मुलामा असणार हे उघड आहे. कारण चक्रीची बंदूक त्याआधीच अस्तित्वात होती. एलिशा कोलियर या अमेरिकन माणसाने १८१८ मध्ये लंडनमध्ये चकमकीवर चालणाऱ्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं होतं आणि तशी हत्यारं हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेतही पोचली होती. कोल्टने ती कलकत्त्यात पाहिली असावीत, असा तर्क इतिहासकार करत आले आहेत.

कोल्टची कर्तबगारी वेगळी होती. घोडा मागे ओढला की चक्री आपोआप एक घर फिरून नळीसमोर पक्की बसेल, ही सांगड त्याने घातली. १८३६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं, न्यू जर्सीतल्या पॅटरसनला कारखाना निघाला आणि १८४२ मध्ये बुडाला. १८४७ मध्ये मेक्सिकोच्या युद्धाने त्याला पुन्हा उभं केलं. १८५३ ते १८५६ या काळात त्याचा एक कारखाना चक्क लंडनमध्ये होता. १८५७ च्या उठावात कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कमरेला कोल्टची ‘नेव्ही’ होती आणि तिच्या स्पर्धेतली इंग्लिश ‘अ‍ॅडम्स’ही. दोघींतला फरक आपल्या विषयाला थेट भिडतो. अ‍ॅडम्सचा चाप ओढला की घोडा आपोआप उठून पडायचा. कोल्टचा घोडा दर वेळी अंगठ्याने चढवावा लागे. या दुसऱ्या पद्धतीला म्हणतात सिंगल अ‍ॅक्शन: चापाला एकच काम, चढलेला घोडा सोडायचं.

कोल्ट १८६२ मध्ये वारला. ज्या रिव्हॉल्व्हरने त्याचं नाव घरोघर नेलं ते ‘सिंगल अ‍ॅक्शन आर्मी’ त्याच्या पश्चात, १८७३ मध्ये अमेरिकन लष्कराने स्वीकारलं. .४५ व्यासाची सहा काडतुसं. पावणेपाच, साडेपाच आणि साडेसात इंच अशा तीन प्रमुख लांबींच्या नळ्या. वजन किलोभराच्या आसपास. ‘पीसमेकर’ हे त्याचं बाजारातलं नाव. सिनेमातल्या काउबॉयच्या कमरेला लोंबणारं रिव्हॉल्व्हर ते हेच.

अंगठ्याखाली

हे यंत्र हातात घेतल्याशिवाय त्याची मोहिनी कळत नाही. घोडा अंगठ्याने हळूहळू मागे ओढत न्या. पहिला बारीक ‘टक’ लगेच येतो. घोडा काडतुसाच्या टोपीपासून जेमतेम सुटलेला असतो, ही म्हणे सुरक्षेची खाच. थोडं पुढे गेलं की दुसरा. इथे घोडा अर्ध्यावर अडकतो, चक्री मोकळी होते आणि बोटाने गरगर फिरवता येते. उजव्या अंगाला एक छोटी झडप आहे, ती उघडून एकेका घरात एकेक काडतूस सरकवायचं. रिकामी नळकांडी काढायची तीही एकेक, नळीखालच्या दांड्याने ढकलून. घोडा आणखी मागे नेला की तिसरा खटका येतो, चक्रीला कुलूप लावणारा. आणि शेवटी चौथा, जाडसर आवाजाचा: घोडा पूर्ण चढला. कोल्टच्या चाहत्यांत गंमत सांगतात, की या चार आवाजांत कंपनीच्या नावाची चार इंग्रजी अक्षरं ऐकू येतात.

या यंत्रात एक मोठी खोट आहे आणि ती निवड करणाऱ्याला माहीत असायलाच हवी. घोडा खाली असताना त्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकतं. रिव्हॉल्व्हर हातातून पडलं, घोड्यावर आपटलं, तर चापाला हात न लावता बार उडू शकतो. म्हणून जुने जाणते सहा घरांत पाचच काडतुसं भरत आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवत. पुढच्या शतकात कंपन्यांनी यावर उपाय काढले; मूळ आराखडा मात्र तसाच राहिला. नक्कल जितकी प्रामाणिक, तितकी ही खोटही प्रामाणिकपणे उतरते.

नकलांचं गाव

कोल्ट कंपनीने हे मॉडेल १९४० मध्ये बंद केलं. युद्ध आलं, जग ऑटोमॅटिक पिस्तुलांकडे वळलं. ते परत आणलं टीव्हीने. पन्नाशीच्या दशकात अमेरिकन घरांत वेस्टर्न मालिकांचा पूर आला आणि १९५६ मध्ये कोल्टला ते पुन्हा काढावं लागलं. त्याच सुमारास तिथे यादवी युद्धाच्या शताब्दीची तयारी सुरू होती. जुन्या पोशाखात, जुन्या हत्यारांनिशी लढाया उभ्या करणारे हौशी लोक तयार होत होते आणि अस्सल जुनी हत्यारं त्यांच्या खिशाबाहेर होती. व्हॅल फोर्गेट या अमेरिकन व्यापाऱ्याने ही गरज ओळखली आणि उत्तर इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावच्या कारागिरांकडून कोल्टच्या ‘नेव्ही’ची नक्कल करून घेतली. हे गाव शेकडो वर्षं बंदुका बनवणारं. बेरेटा कंपनी तिथलीच. नक्कल करणाऱ्यांत आल्दो उबेर्ती होता. १९५९ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. पाठोपाठ त्याच परिसरात पिएत्ता ही कंपनी उभी राहिली. आज जगभर ‘कोल्ट’ म्हणून जे मिरवलं जातं त्यातलं बरंचसं या दोघांच्या कारखान्यातून निघालेलं असतं.

१९६४ पासून सर्जिओ लिओनेने इटलीत बसून अमेरिकेचे सिनेमे काढले आणि पुढे आपल्याकडे त्याचीच फोडणी दिलेले सिनेमे आले. १९७४ चा ‘खोटे सिक्के’, १९७५ चा ‘काला सोना’ आणि त्याच वर्षीच्या पंधरा ऑगस्टला आलेला ‘शोले’. गब्बर हवेत तीन बार काढतो, उरलेल्या तीन गोळ्यांसह चक्री फिरवतो आणि समोरच्या तिघांना कुठल्या घरात मरण आहे ते कळेनासं होतं. तो प्रसंग उभा आहे तो फिरणाऱ्या चक्रीवर. मॅगझिनच्या पिस्तुलाने तो जमला नसता. आपल्या पिढीच्या डोक्यात रिव्हॉल्व्हर बसलं ते या आवाजाने आणि या फिरण्याने. गोळीचं वेड आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे. नक्कल निवडताना हे स्वतःशी कबूल केलं की पुढचा मार्ग सोपा होतो.

कायद्याच्या चष्म्यातून

उबेर्ती किंवा पिएत्ताचं ‘१८७३’ अमेरिकेत साधारण पाचशे ते सातशे डॉलरला मिळतं, कोल्टच्या आजच्या अस्सल मॉडेलच्या निम्म्याहून कमी किमतीत. तिथल्या ‘परवडणारी नक्कल’ या शब्दांचा अर्थ हा: गोळी झाडणारं, पूर्ण पोलादी, फक्त कोल्टचं नाव नसलेलं हत्यार. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याला त्याच्यावर कुणाचा शिक्का आहे याच्याशी देणंघेणं नाही. स्फोटकाच्या किंवा अन्य कुठल्याही ऊर्जेच्या जोरावर कसलंही प्रक्षेपक फेकायला बनवलेली वस्तू म्हणजे अग्निशस्त्र, अशी व्याख्या आहे. परवान्याशिवाय ते बाळगणं हा गुन्हा. परवाना मागायचा तर मीरा-भाईंदरकराला पोलीस आयुक्तालयाकडे जावं लागतं. वसई-विरारसह हे स्वतंत्र आयुक्तालय १ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झालं. आणि परवाना मिळतो तो जिवाला धोका, खेळ वगैरे कारणांसाठी. काचेच्या कपाटाची शोभा हे कारण त्यात बसत नाही.

व्याख्येतले ‘अन्य कुठल्याही ऊर्जेच्या’ हे शब्द नजरेआड करू नयेत. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांडीवर छर्रे मारणारी, दिसायला हुबेहूब पीसमेकर अशी एअरगन परदेशात खेळण्यासारखी विकली जाते. आपल्याकडे छर्ऱ्याच्या बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांनी मर्यादा घातली आहे: व्यास .१७७ इंचाच्या वर किंवा जोर २० ज्यूलच्या वर गेला की परवाना. त्या मर्यादेच्या आतली एअरगन घ्यायची तरी ती नोंद ठेवणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडून, पक्क्या बिलावर. याच नियमांनी निव्वळ आवाज करणारी ब्लँकची हत्यारं, पेंटबॉल आणि प्रतिकृती यांचीही दखल घेतली आहे. तेव्हा ‘अहो, नकलीच आहे’ हे वाक्य पोलीस ठाण्यात पुरेसं ठरत नाही.

कायद्याचं सहावं कलम तर प्रतिकृतीवाल्याने पाठ करावं असं आहे. नकली अग्निशस्त्र म्हणजे काय, ते तिथे सांगितलं आहे: जिचं रूप अग्निशस्त्रासारखं आहे अशी कुठलीही वस्तू, मग तिच्यातून गोळी सुटू शकत असो वा नसो. अशा वस्तूचं खऱ्यात रूपांतर करणं परवान्याशिवाय मना आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत जाते. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे आणि इंजिनिअरिंगचे गाळे आहेत, लेथवर हात बसलेले टर्नर आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडे जाऊन ‘नळी जरा आरपार पाडून द्या’ किंवा ‘नेटवरच्या ड्रॉइंगवरून पोलादी चक्री काढून द्या’ म्हणणारा गिऱ्हाईक स्वतःसकट त्या कारागिराला खड्ड्यात घालतो. हत्याराचा सुटा भागही कायद्याने हत्यारच आहे.

राहता राहिलं जुन्या बाजारातलं, गंजलेलं, ‘आजोबांच्या काळातलं’ म्हणून दाखवलं जाणारं. पंचेचाळिसाव्या कलमात जुन्या किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे, पण अट कडक आहे: दुरुस्ती करून किंवा न करता, कसंही ते चालू होता कामा नये. नुसता गंज म्हणजे ही अट पुरी झाली असं नाही. तेलपाणी करून घोडा पडायला लागला की सूट गेली. मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवरची घासाघीस कितीही रंगली तरी हा सौदा हौशी माणसाने टाळलेला बरा.

शिडीच्या पायऱ्या

मग उरतं काय? बरंच काही उरतं, आणि तेच परवडणारं आहे.

सगळ्यात खालची पायरी लाकडाची. नाटकवाल्यांसाठी याहून चांगला पर्याय नाही. सागवानाच्या किंवा शिसवाच्या फळीतून सुतार नळी, चक्री, मूठ अखंड काढून देतो. काळा रंग, वर थोडी शिशाच्या पेन्सिलीची पूड घासली की तिसऱ्या रांगेपासून ते पोलाद दिसतं. लाकूड हलकं पडतं आणि नटाचा हात ते लगेच उघड करतो, म्हणून मुठीत भरीव लोखंडाचा तुकडा बसवतात. लाकूड रंगवून हुबेहूब वस्तू करण्याची परंपरा आपल्याकडे सावंतवाडीला आहेच; तिथली लाकडी फळं पाहून फसलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

दुसरी पायरी रबर आणि फायबरची. मारामारीच्या दृश्यात रिव्हॉल्व्हर फेकलं जातं, कुणाच्या डोक्यात हाणलं जातं, नट त्याच्यावर आपटतो. तिथे धातू नकोच. सिलिकॉनच्या साच्यात ओतलेल्या अशा डमी भाड्यानेही मिळतात आणि दोन दिवसांच्या शूटिंगसाठी भाडंच परवडतं. थ्रीडी प्रिंटरवर काढलेली डमीही याच पायरीवर. फक्त नळी आणि चक्रीची घरं भरीव ठेवायची आणि पापुद्र्यांच्या रेषा पॉलिश पेपरने घासून मगच रंग द्यायचा, नाहीतर क्लोजअपमध्ये पितळ उघडं पडतं.

तिसरी पायरी जस्ताच्या मिश्रधातूची, आणि संग्राहकाने थांबायचं ते इथे. स्पेनच्या मिनोर्का बेटावरची डेनिक्स ही कंपनी १९६० च्या दशकापासून न झाडता येणाऱ्या ऐतिहासिक हत्यारांच्या प्रतिकृती बनवते. तिचं पीसमेकर परदेशात शंभर डॉलरच्या आसपास मिळतं. घोडा चढतो, चक्री फिरते, वजन जवळपास खऱ्याइतकं. धातू आहे झमाक: जस्त आणि थोडं अॅल्युमिनियम. तो वितळतो चारशे अंश सेल्सियसच्याही आत. .४५ कोल्टच्या काडतुसाचा दाब चौरस इंचाला चौदा हजार पौंडांपर्यंत मान्य आहे. मोटारीच्या टायरमध्ये आपण बत्तीस भरतो. हा दाब झमाकला झेपणारा नाही आणि या धातूची खरी गुणवत्ता तीच आहे. कुणी अतिशहाणा त्याला ‘चालू’ करायला गेलाच, तर पहिला बळी त्याच्याच बोटांचा जाईल. परदेशातून पार्सल मागवताना मात्र ते कस्टम्समध्ये अडकू शकतं हे धरून चाला. देशातल्या विक्रेत्याचं बिल दोन पैसे महाग असलं तरी स्वस्त पडतं.

त्यावरच्या पायऱ्या, म्हणजे ब्लँक, गॅस, छर्रे आणि शेवटी इटालियन पोलाद, हौशी माणसाच्या नाहीत. मोठ्या निर्मितीसंस्था परवानाधारक पुरवठादारामार्फत, पोलिसांना कळवून, हत्यारासोबत जबाबदार माणूस ठेवून ते करतात. चार पोरांच्या शॉर्ट फिल्मला तो डोलारा पेलत नाही, आणि पेलायची गरजही नाही.

नकलेने घेतलेले जीव

गरज नाही असं म्हणायला पुरावा आहे. २१ ऑक्टोबर २०२१ ला अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या वेस्टर्नच्या तालमीत अभिनेता अ‍ॅलेक बाल्डविनच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरमधून खरी गोळी सुटली. छायालेखिका हलीना हचिन्स मरण पावली, दिग्दर्शक जखमी झाला. ते रिव्हॉल्व्हर होतं पिएत्ताने बनवलेली .४५ कोल्टची सिंगल अ‍ॅक्शन नक्कल. दिखाऊ काडतुसांत खरी काडतुसं मिसळली गेली होती. बाल्डविन म्हणत राहिला की आपण चाप ओढलाच नाही. खटल्याच्या तपासात दीडशे वर्षांपूर्वीच्या त्या खटक्यांची आणि खाचांची चिकित्सा झाली. हत्यारांची जबाबदारी असलेल्या तरुणीला २०२४ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. बाल्डविनवरचा खटला त्याच वर्षी जुलैत रद्द झाला.

हा पहिला प्रसंग नव्हता. १९८४ मध्ये जॉन-एरिक हेक्सम या नटाने ब्लँक भरलेलं रिव्हॉल्व्हर थट्टेत कानशिलाला लावून चाप ओढला. ब्लँकमध्ये गोळी नसते, पण वायूचा झोत असतो. अगदी जवळून त्याने कवटी फोडली. १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या सेटवर ब्रूस लीचा मुलगा ब्रँडन ली गेला. आधीच्या दृश्यात दिखाऊ काडतुसाचं टोक नळीत अडकून राहिलं होतं, नंतरच्या ब्लँकने ते बाहेर फेकलं. तिन्ही ठिकाणी व्यावसायिक निर्मिती होती. तिन्ही ठिकाणी हत्यार बार काढू शकत होतं. नळी भरीव असती तर तिघंही वाचले असते.

दुसरा धोका पाहणाऱ्याच्या बाजूने येतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये क्लीव्हलँडच्या बागेत टमीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा खेळण्यातलं पिस्तूल घेऊन हिंडत होता. ते खेळणं आहे हे कळावं म्हणून तोंडाशी लावलेलं नारिंगी टोक निघालेलं होतं. पोलिसांनी गाडीतून उतरताच त्याच्यावर गोळी झाडली. जपानने हा प्रश्न फार आधी सोडवायला घेतला: १९७१ पासून तिथे धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बुजवलेली आणि रंग पांढरा किंवा पिवळा असावा लागतो. तिथल्या कारागिरांनी त्या चौकटीत राहून आतली यंत्रणा इतकी नेमकी बनवली की जगभरचे शौकीन जपानी मॉडेलगनसाठी रांग लावतात. सोनेरी दिसणारं रिव्हॉल्व्हर त्यांना कमअस्सल वाटत नाही, कारण त्यांचं प्रेम खटक्यांवर आहे.

हातात घेऊन काय पाहायचं

दुकानात किंवा कुणाच्या घरी जुनी प्रतिकृती बघायला गेलात, तर पहिल्यांदा नळीत बॅटरी मारा. एक-दोन इंचांवर धातूची भिंत दिसली पाहिजे आणि ती नळीबरोबरच ओतलेली असावी. मागाहून ठोकलेली खुंटी नको. मग चक्रीची घरं पाहा. ती आरपार नसावीत, किंवा खरं काडतूस शिरणार नाही इतकी अरुंद असावीत. घोड्याला टोकदार खिळी नसावी, तोंड सपाट असावं. ही तीन उत्तरं पटली नाहीत तर वस्तू कितीही देखणी असो, खाली ठेवून चहा पिऊन निघा.

त्यानंतर हौसेचा भाग. घोडा सावकाश चढवा आणि ऐका. स्वस्त नगांत बहुधा चाराऐवजी दोनच खटके असतात. तेही चालतील, पण अर्ध्या खटक्यावर चक्री मोकळी फिरायला हवी आणि पूर्ण चढल्यावर ती डगमगता कामा नये. चक्री सरकवणारं आतलं बोट झमाकचं असतं आणि सतत ‘खटखट’ केल्याने तेच आधी झिजतं. जुना नग असेल तर प्रत्येक घर नळीसमोर नीट येतं का, सहाच्या सहा तपासा. मूठ प्लॅस्टिकची असेल तर निराश होऊ नका. दोन स्क्रू काढून ती बदलता येते आणि शिसवाच्या तुकड्यातून सुतार तासभरात नवी बसवून देतो. एवढ्या एका बदलाने अख्ख्या वस्तूचा दर्जा चढतो.

नळीची लांबी कामावर ठरवा. भिंतीवर किंवा कपाटात साडेसात इंची शोभते. नटाला कमरेतून झटकन काढायचं असेल तर पावणेपाच इंची बरी. रंग फार चकचकीत निकेल नको. रंगमंचावरचे दिवे त्यावर आपटून प्रेक्षकांचे डोळे दिपवतात. आणि मुलांसाठी घेत असाल तर हा सगळा लेख विसरा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते पाहा, भडक रंगाचं निवडा आणि विषय संपवा.

उंबऱ्याबाहेर

घरात आली, कपाटात ठेवली, तोवर प्रतिकृती तुमची. उंबऱ्याबाहेर पडली की ती बघणाऱ्याची. मीरा-भाईंदरची लोकसंख्या २०११ च्याच जनगणनेत आठ लाखांच्या वर होती. विरार लोकलच्या डब्यात बॅगेतून लाकडी मूठ डोकावली तर शेजारचा प्रवासी नळीत बॅटरी मारून बघत बसणार नाही. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली शस्त्रं बाळगण्यावर वेळोवेळी मनाई आदेश निघतात, निवडणुका-सणांच्या दिवसांत तर हमखास. अशा दिवसांत किल्ल्यावर शूटिंग ठेवलं असेल तर स्थानिक पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवावं, पत्राची पोच खिशात ठेवावी, आणि प्रतिकृती ज्याच्या ताब्यात आहे त्या माणसाचं नाव त्या पत्रात असावं. नेआण करायची ती बंद पेटीतून, बिलासह. विमानाच्या केबिनमध्ये हुबेहूब दिसणारं खेळणंही चालत नाही. आणि चेष्टेतही कुणावर रोखायचं नाही. धाक दाखवण्याच्या गुन्ह्याला हत्यार चालू असण्याची गरज नसते.

नाटकवाल्यांनी एक सोय ध्यानात घ्यावी. बार नटाच्या हातून निघायलाच हवा असं नाही. ध्वनिसंयोजकाच्या बोटाखाली तो जास्त नेमका पडतो. सिनेमात धूर आणि ठिणगी नंतर संगणकावर घालता येते. ‘रस्ट’नंतर परदेशातल्या काही मालिकांनी सेटवरून चालू हत्यारं हद्दपार केली. घोडा चढवण्याचा आवाज मात्र नटाच्याच हातून यावा. भरल्या नाट्यगृहात तो ‘खट’ बारापेक्षा जास्त काम करतो, कारण बार झाला की प्रसंग संपतो आणि घोडा चढला की तो सुरू होतो.

तर हिशेब असा मांडता येईल. हौशी संस्थेने लाकूड घ्यावं, मारामारीसाठी रबर भाड्याने आणावं, संग्राहकाने भरीव नळीच्या झमाकवर थांबावं आणि वाचलेल्या पैशांत मूठ चांगली करून घ्यावी. विकणाऱ्याला फार प्रश्न विचारायचे नाहीत, एकच विचारायचा: ‘हे कधीतरी चालू होईल का?’ ‘नाही, काही केलं तरी नाही’ असं उत्तर आलं आणि ते स्वतःच्या डोळ्यांनी पटलं, तर पैसे द्यावेत. ‘होईल, थोडं काम करून घ्यावं लागेल’ असं कुणी आवाज खाली आणून म्हणाला, तर तो प्रतिकृती विकत नसून तुमच्या नावावर गुन्हा विकतो आहे. आणि तो फुकट मिळाला तरी परवडणारा नाही.